८५ डॉलरचं चित्र : डव्ह की डाव?

पाणपोई

नमस्कार मंडळी. कलादालन विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर हिक्सव्हिलजवळ राहतो. गेल्या शनिवारी सेंटरपोर्टला एका इस्टेट सेलला गेले होते. (भारतातल्या मंडळींसाठी: घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं घर उघडून आतल्या सगळ्या सामानाला किमतीच्या चिठ्ठ्या लावतात आणि लोक येऊन घेऊन जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा परक्या बाईच्या ओट्यापाशी उभं राहून तिच्याच कपबशा चाळताना कसंतरीच झालं होतं. आता निर्ढावलेय.) खरं तर एका पितळी दिव्यासाठी गेले होते, तो आधीच कुणीतरी उचलला होता. जिन्याखाली एक चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं दिसलं. चिठ्ठी ८५ डॉलरची. रिकाम्या हातानं यायचं जिवावर आलं, म्हणून घेतलं.

१२ बाय १६ इंच, तैलरंग. वरच्या दोन तृतीयांश भागात राखाडी-निळे आडवे पट्टे, खाली मळकट पिवळा गोल, त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वलयं, कडेला तपकिरी. गोलाच्या खाली, चित्राच्या तळाशी मधोमध सही आहे: 'डव्ह', पुढे '१७'.

घरी येऊन गूगल लेन्स लावलं तर आर्थर डव्ह म्हणून अमेरिकेतले अगदी सुरुवातीचे अमूर्त चित्रकार निघाले. आणि ते शेवटची वर्षं कुठे राहायचे? सेंटरपोर्टला! रात्रभर झोप नाही.

मागे खाकी कागद डकवलाय, एका कोपऱ्यात फाटलाय, तिथून आत कॅनव्हासची वीण दिसते. फ्रेमवर दुकानाची चिठ्ठी आहे. नावाचा भाग उडालाय, पण 'न्यूयॉर्क १९, एन. वाय.' वाचता येतं. म्हणजे १९१९ का?

तर, खरं असेल का? असेल तर केवढ्याला जाईल? आणि दाखवायचं कुणाला? फोटो खाली दिलेत.

अवांतर: आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "उलटं टांगलंयस का गं? पाणी वर गेलंय." तिला सांगितलं की हे मॉडर्न आर्ट आहे.

ताकभात

फोटो दिसत नाहीयेत.

उंटावरचा_शहाणा

मला दिसतायत. गोल म्हणजे थालीपीठ आहे. मधे भोक पाडून तेल सोडा, चित्र पूर्ण होईल.

विनोद राहू द्या. जॅकपॉट लागला तर कट्ट्याची पार्टी तुमच्याकडून.

चष्मेवाली

पाणपोई, आधी अभिनंदन. डव्ह निघो न निघो, चित्र भिंतीवर टिकेल असं आहे. आता थोडं थंड पाणी ओतते.

तुम्ही पुढून सुरुवात केलीत. पुढून सगळेच करतात. चित्र ओळखणारी माणसं ते आधी पालथं करतात. पुढची बाजू कुणीही रंगवू शकतो. मागे चिठ्ठ्या, खिळे, पेन्सिलचे आकडे, धूळ यांचा थर साठतो, आणि खोटं करणारा तिथेच आळस करतो.

'न्यूयॉर्क १९' हे साल नाही. तो टपाल विभागाचा आकडा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत हे आकडे १९४३ मध्ये आले आणि १९६३ मध्ये झिप कोड (आपल्या पिनकोडसारखे) आल्यावर मागे पडले. म्हणजे चिठ्ठी त्या वीस वर्षांतली. डव्ह १९४६ मध्ये गेले. अर्थात ही चिठ्ठी फ्रेमचं वय सांगते, चित्राचं नाही. जुन्या चित्राला नवी फ्रेम आणि नव्याला जुनी, दोन्ही चालतं.

आता डव्हबद्दल. जन्म १८८०, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनन्डेग्वा गावचा. मासिकांसाठी रेखाटनं करून पोट भरायचे. १९०७ ते ०९ फ्रान्समध्ये राहून आले. नंतर आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या छायाचित्रकाराच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या '२९१' या दालनात १९१२ मध्ये त्यांची पेस्टल चित्रं लागली. आर्मरी शो या प्रदर्शनाने अमेरिकेला युरोपातली नवी कला दाखवून हादरवलं ते १९१३ मध्ये, हे त्याच्याही आधीचं. जॉन मरिन, मार्सडन हार्टली, पुढे जॉर्जिया ओ'कीफ, हे सगळे चित्रकार स्टीग्लिट्झच्याच गोतावळ्यातले.

पण १९१७? तेव्हा डव्ह कनेक्टिकटमध्ये वेस्टपोर्टला कोंबड्या पाळत होते. चेष्टा नाही. शेती, कोंबड्या, मासेमारी, आणि रात्री उरलेल्या वेळात मासिकांची कामं. त्या वर्षांतली त्यांची रंगचित्रं फार थोडी आहेत. सेंटरपोर्टला ते आले १९३८ मध्ये, तळ्याकाठच्या एका जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीत, तब्येत ढासळल्यावर. तेव्हा 'सेंटरपोर्टला मिळालं' आणि '१९१७ ची तारीख' हे दोन पुरावे एकमेकांना टेकू देत नाहीत. उलट मला तर सही करणाऱ्यानं तुमच्यासारखाच त्यांचा चरित्रलेख घाईघाईत वाचल्यासारखं वाटतंय.

सही मधोमध तळाशी आहे हे मात्र बरोबर. ते बऱ्याचदा तशीच करायचे, नुसतं आडनाव. पण हे पुस्तकात बघून कुणालाही कळतं.

अ‍ॅन ली मॉर्गन यांनी १९८४ मध्ये डव्हच्या कामांची संपूर्ण सूची छापली आहे. मोठ्या वाचनालयात मिळेल. त्यात नसलेलं चित्र खरं असूच शकत नाही असं नाही, पण मग ओझं तुमच्या खांद्यावर.

फाटलेल्या कोपऱ्याचा जवळून, तिरक्या उजेडात फोटो टाका. आणि कृपा करून पुसू नका.

बटाटेवडा_इन_बोस्टन

पुसण्यावरून आठवलं. आमच्या सोसायटीतले एक काका तैलचित्रावर अर्धा बटाटा फिरवायचे. मळ झकास निघतो. करून बघा.

चष्मेवाली

नका हो, नका. स्टार्च फटींत बसतो आणि वर्षभरात बुरशी येते. गंमत म्हणजे चित्रदुरुस्तीवाले लोक कापसाच्या बोळ्यावर चक्क थुंकी घेऊन मळ काढतात. लाळेतली पाचकद्रव्यं सौम्य असतात. पण ते कुठे थांबायचं ते जाणून असतात. आपण बटाटा किसायला ठेवावा.

वहीखाते

किमतीच्या प्रश्नावर दोन ओळी. मी चित्रांतला नाही, टॅक्समधला आहे.

'केवढ्याला जाईल' हा एक प्रश्न नाही. विम्यासाठीची किंमत म्हणजे आज दुकानातून तसंच चित्र आणायला पडतील तेवढे पैसे, ही सगळ्यात वरची. उचित बाजारभाव म्हणजे घेणारा-देणारा दोघांनाही घाई नाही, दोघांनाही माहिती आहे, तेव्हा ठरेल ती. ही बहुतेक लिलावांच्या निकालांवरून काढतात आणि ती पहिलीपेक्षा बरीच खाली असते. लिलाववाले छापतात तो अंदाज तिसराच, तो लोकांनी बोली लावावी म्हणून मुद्दाम हात राखून दिलेला. आणि तुमच्या हातात पडतात ते चौथे, दलाली वजा जाऊन.

मूल्यांकन करून घेतलंत तर ताशी किंवा ठरावीक फी घेणारा बघा. 'किमतीच्या इतके टक्के' म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार. टॅक्सच्या कामाला तसा अहवाल चालतही नाही. आणि दान करून वजावट घ्यायची स्वप्नं पडत असतील तर ऐका: ५,००० डॉलरच्या वर वजावट मागायची तर पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. शिवाय घेतल्यापासून वर्षाच्या आत दान केलंत तर खऱ्याखुऱ्या डव्हवरसुद्धा वजावट मिळेल ती ८५ डॉलरचीच.

उंटावरचा_शहाणा

वहीखाते यांनी चित्राचा पार ताळेबंद केला.

पाणपोई

सगळ्यांचे आभार. कोंबड्यांचं वाचून नवरा दिवसभर हसतोय.

कोपऱ्याचे फोटो टाकलेत. वीण आहेच, पण हात लावला तर कापडासारखं लागत नाही, कडक आहे. रंग गडद तपकिरी. म्हणजे कॅनव्हास फळीवर चिकटवला असेल का?

फॉरमायका

कलेतलं शून्य कळतं, पण प्लायवुडच्या धंद्यात ३१ वर्षं झाली म्हणून लिहितोय.

ताई, दहावीला परीक्षेचं लिहायचं पॅड होतं का तुमच्याकडे? तपकिरी, वर लोखंडी क्लिप. पुढून गुळगुळीत, पाठीवर बारीक जाळीचा ठसा. त्या पाठीवर नख घासलं की खरखर आवाज यायचा. तुमच्या कोपऱ्यात तेच आहे. कॅनव्हास-बिनव्हास काही नाही, हार्डबोर्ड आहे तो.

तो ठसा कसा येतो सांगतो. लाकडाच्या चिपट्या दाबाखालच्या वाफेत ठेवून एकदम दाब सोडतात, लाकूड फुटून त्याचा कापूस होतो. तो ओला लगदा तारेच्या जाळीवर पसरून गरम प्रेसमध्ये दाबतात. पाणी आणि वाफ निघून जायला खाली जाळी लागतेच, म्हणून एक बाजू गुळगुळीत आणि एक जाळीदार. वाफेनं लाकूड फोडायची ही युक्ती विल्यम मेसन नावाच्या माणसाची, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात लॉरेल गावी. मेसोनाइट म्हणतात तो हाच. साल १९२४. आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलं होतं, आज पहिल्यांदा उपयोगी पडलं.

१९२४ च्या आधी हा बोर्डच नव्हता तर त्याच्यावर १९१७ मध्ये चित्र कसं काढलं?

चष्मेवाली

फॉरमायका, साष्टांग. मी तासभर सहीच्या वळणावर नजर लावून बसले होते आणि तुम्ही परीक्षेच्या पॅडनं निकाल लावलात.

ताकभात

मला अजूनही फोटो दिसत नाहीयेत. पण पॅड डोळ्यांसमोर आलं. आमच्या पॅडवर मागे हृदय आणि बाण होता.

केशरी_टोपी

सामानावरून पकडलं जाण्याचा याच गोतावळ्यातला एक मोठा किस्सा आहे. जॉर्जिया ओ'कीफ १९१६ ते १८ टेक्सासमध्ये कॅनियन गावी कॉलेजात शिकवत होत्या. त्या काळातली म्हणून २८ जलरंगचित्रं पुढे आली आणि कॅन्सस सिटीच्या केम्पर संग्रहालयानं नव्वदच्या दशकात ५० लाख डॉलरला घेतली. 'कॅनियन सूट' असं नावही पडलं. मग १९९९ मध्ये ओ'कीफ यांच्या कामाची संपूर्ण सूची आली, तिच्यात यातलं एकही नाही! सूची करणाऱ्यांनी कागद तपासले होते, आणि त्यातले काही कागद त्या काळात मिळतच नव्हते. विकणाऱ्यानं पैसे परत केले.

म्हणजे चित्रांना रातोरात काहीच झालं नाही. काल भिंतीवर जे रंग होते तेच आज. ५० लाख फक्त एका पुस्तकात जागा न मिळाल्यानं गेले. मला हे अजून पचलेलं नाही.

उंटावरचा_शहाणा

आपल्याकडेही कमी नाही. २००९ मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्याच प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं बघून म्हणाले, ही माझी नाहीत. चित्रकार जिवंत, समोर उभा, तरी ही कथा. डव्ह तर जाऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली.

पाणपोई

काल संध्याकाळी तोंड उतरलं होतं, खरं सांगते. मनातल्या मनात स्वयंपाकघराचं नूतनीकरण सुरू झालं होतं.

पण एक विचारते. तारीख खोटी असली तरी चित्र त्यांचंच नंतरचं असू शकतं ना? कुणीतरी फक्त '१७' घातलं असेल? आणि नसेल तर त्यांच्या बायकोचं? त्याही चित्रकार होत्या असं वाचलं.

चष्मेवाली

'नंतरचं असेल'वर आधी. डव्ह सामानाची फार काळजी करणारे होते. तीसच्या दशकाच्या मध्यापासून मेणाचं मिश्रण घालून रंग स्वतः बनवायचे, त्यानं पृष्ठभागाला चकाकी नसलेला, दबका पोत येतो. तुमच्या फोटोत व्हार्निश डालड्याच्या डब्यासारखं चमकतंय. शिवाय त्यांना एकनिष्ठ गिऱ्हाईक होतं. वॉशिंग्टनचे डंकन फिलिप्स १९३० पासून दरमहा ५० डॉलर पाठवायचे आणि त्या बदल्यात चित्रं निवडून घ्यायचे. बाकीची स्टीग्लिट्झकडे, पुढे ईडिथ हाल्पर्टच्या डाउनटाउन गॅलरीकडे. अशा माणसाचं काम जिन्याखाली पोहोचायला वाट फार अरुंद आहे. अशक्य नाही म्हणणार, पण वाटेवरची एक तरी पावती दाखवता यायला हवी.

बायकोबद्दल विचारलंत म्हणून बरं वाटलं. हेलन टॉर. डव्ह त्यांना 'रेड्स' म्हणायचे, केस तांबडे म्हणून. विसाच्या दशकात दोघं 'मोना' नावाच्या बोटीवर राहिले, तुमच्या जवळच, हंटिंग्टनच्या खाडीत. डव्ह बसून रंगवतायत आणि ही बाई शिडं शिवतेय, स्वयंपाक करतेय, दोघांची रोजनिशी लिहितेय. आज डव्हवर अभ्यास करणारे ज्या रोजनिशा वाचतात त्यात टॉरचं अक्षर आहे. आणि तिची स्वतःची चित्रं हयातीत लोकांसमोर आली फक्त दोनदा, १९२७ आणि १९३३ मध्ये. डव्ह गेल्यावर तिनं ब्रश ठेवला तो ठेवलाच. १९६७ मध्ये ती गेली, त्याआधी बहिणीला सांगून ठेवलं होतं, सगळं नष्ट कर. बहिणीनं ऐकलं नाही. ती चित्रं हंटिंग्टनच्या हेक्शर संग्रहालयात आली, म्हणून आपल्याला टॉर माहीत आहे.

एकदा जाऊन बघून या, तुमच्यापासून अर्धा-पाऊण तास असेल. मात्र तिथे चित्र काखोटीला मारून 'किंमत सांगा' म्हणून उभं राहू नका. संग्रहालयं किंमत सांगत नाहीत. आणि तुमचं टॉरचं आहे असं मी म्हणत नाहीये. तिचे आकार कडेला असे फिसकटत नाहीत.

बटाटेवडा_इन_बोस्टन

नवऱ्याची रोजनिशी बायकोनं लिहायची आणि त्यावर पीएचडी तिसऱ्यानं करायची. वाचनखूण साठवली आहे.

फॉरमायका

खाकी कागद पूर्ण सोडवून बघा ताई. हार्डबोर्डच्या पाठीवर पेन्सिल चांगली उठते. सुतार माप लिहितो तसं कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असणार.

पाणपोई

तीन आठवड्यांनी परत येतेय, क्षमस्व. मधे मुलाचा कान दुखत होता.

शेवटी एका चित्रदुरुस्ती करणाऱ्या बाईंकडे नेलं. तासाची फी घेतली, चित्राच्या पावणेदोनपट. नवऱ्याला सांगितलेलं नाही, त्यानं इथे येऊन वाचू नये.

त्यांनी खोलीतले दिवे घालवून चित्रावर अतिनील दिवा धरला. जुनं व्हार्निश हिरवट, दुधट चमकायला लागलं, तळ्यावर शेवाळ येतं तसं. आणि त्यावर सही काळीकुट्ट. चमक सहीच्या खालून गेलेली, सहीवर व्हार्निशचा कणसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, आधी चित्र झालं, मग व्हार्निश लागलं, व्हार्निशवर वर्षं गेली, आणि मग कुणीतरी सही केली. मग भिंगातून दाखवलं. व्हार्निशला ज्या बारीक भेगा पडल्यात त्यांत सहीचा रंग उतरलाय, 'व्ह'च्या पायापासून कोळ्याच्या तंगड्यांसारखा. चित्रकारानं ओल्या चित्रावर सही केली असती तर भेग सहीतूनही गेली असती, रंग भेगेत शिरला नसता.

चित्र मात्र प्रामाणिक आहे म्हणाल्या. तिसाच्या ते पन्नासाच्या दशकातलं, हात शिकलेला, बहुतेक कुणीतरी शनिवार-रविवारचा चित्रकार. नाव सांगता येणार नाही. एका लिलाववाल्यांना ईमेलनं फोटो पाठवले, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: अमेरिकन, विसावं शतक, अनामिक, दोनशे ते चारशे डॉलर, आणि सही काढल्याशिवाय आम्ही घेणार नाही.

विकायचं नाहीच. वहीखाते, तुमचे चारही आकडे मला आता एकाच पाटीत बसवता येतात.

आता मुद्द्याचं. बाईंनी खाकी कागद ओला करून सोडवला. फॉरमायका, तुमच्या तोंडात साखर. जाळीच्या पाठीवर पेन्सिलनं दोन गोष्टी आहेत. एक, इंग्रजीत 'भरती, ऑक्टोबर'. दुसरा एक बाण, आणि बाणाच्या टोकाशी 'वरची बाजू'.

बाणाचं टोक सहीच्या कडेकडे आहे.

बाईंनी चित्र हातात धरून हळूच फिरवलं. पिवळा गोल वर गेला, राखाडी पट्टे खाली आले, आणि समोर सरळसरळ भरतीच्या पाण्यावर उगवलेला ऑक्टोबरचा चंद्र. खोटी सही करणाऱ्यानं चित्र उलटं धरून सही केली होती!

घरी येऊन मागची तार काढून दुसऱ्या बाजूला लावली. सही तशीच ठेवलीय, वरच्या कडेला वटवाघळासारखी लटकतेय. आईला व्हिडिओ कॉल केला. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "मग मी काय सांगत होते?" आणि पुढे लगेच मुलाच्या कानात लसणीचं तेल घातलं का ते विचारलं.

चष्मेवाली

काकूंना माझा नमस्कार सांगा. हा धागा मी विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे.

उंटावरचा_शहाणा

थालीपीठ आकाशात गेलं.

ताकभात

फोटो आत्ता दिसले. पण उलटे दिसतायत.